सतरा नंबरचे दात

७ जानेवारी

आमच्या मासे पाळणाऱ्यांच्या मंडळाची वार्षिक नोंद भरायची म्हणून मासे मोजले. नऊ निघाले. गेल्या वर्षी चोवीस होते. तीनदा मोजले, नऊच.

नोंदवहीत प्रत्येक वंशाला एक ओळ असते. क्रमांक, कुठून आला, कोणाकडे आहे, नर किती, माद्या किती, कोणी ओळखला. बाकीचं लिहायला तिथे जागा नाही, म्हणून ही वही.

माझ्याकडचा वंश सतरा नंबरचा. हा आफ्रिकेतल्या एका सरोवरातला सिक्लिड मासा आहे. तिथल्या एका खडकाच्या आसपास राहतो, पलीकडच्या खडकाशी जातही नाही. नर निळा, अंगावर काळसर पट्टे, पाठीवरच्या पराला पिवळी कड. मादी मातकट. भानगड मादीमुळे होते. त्या सरोवरातल्या दहा जातींच्या माद्या एका टाकीत सोडल्या तर त्यांच्या आयांनाही कोण कोणाची ते सांगता येणार नाही. आणि जात वेगळी असली तरी त्या एकमेकांच्या नरांशी जमवून घेतात. पिल्लं होतात, दिसायला छान असतात, पुढे त्यांनाही पिल्लं होतात. एकदा भेसळ झाली की ती वेगळी काढता येत नाही.

म्हणून मंडळ आणि म्हणून नंबर. मंडळात ओळखण्याचं काम माझ्याकडे आहे. पट्टे मोजतो, परांचे काटे मोजतो, मेलेला मासा असेल तर भिंगाखाली दात पाहतो. पोटासाठी मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करतो. मंडळात मला कवळीवाले म्हणतात. त्याचं वाईट वाटत नाही.

१९ जानेवारी

मोठ्या मादीने सोळा तारखेला अंडी तोंडात घेतली होती. या जातीत अंडी आणि पुढे पिल्लं तीन आठवडे आईच्या तोंडात असतात, तेवढे दिवस ती काही खात नाही. आज सकाळी तिचा गळा सपाट. गिळून टाकली. हे सलग चौथ्यांदा.

बायको खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "अहो, तिला भूक लागली असेल."

"तीन दिवसांत भूक लागते?"

"मला तर तीन तासांत लागते. जेवायला चला."

२ फेब्रुवारी

आणखी एक मादी गेली. आठ. दोन नर, त्यातल्या लहान नराचा कणा शेपटीशी वाकडा आहे. त्याच्या वडिलांचाही किंचित होता, तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही.

कारण मला माहीत आहे. बावीस वर्षांपूर्वी मास्तरांकडे या जातीचे बारा मासे आले. मास्तर शाळेत आम्हाला विज्ञान शिकवायचे, मासे पाळायलाही त्यांनीच शिकवलं. सहा त्यांनी ठेवले, सहा मला दिले. ठरलं असं की दर चार वर्षांनी नरांची अदलाबदल करायची, म्हणजे दोन्ही घरचं रक्त ताजं राहील. तीनदा केली. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा एक नर मेला, तो त्यांनी डबीत घालून नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाठवला. मी दात पाहिले. आमच्या सतराच्या बाहेरच्या रांगेतला प्रत्येक दात दोन टोकांचा असतो. त्या नराचे दात एका बोथट टोकाचे होते. अगदी स्वच्छ दिसत होतं. मी बैठकीत सांगितलं की मास्तरांच्या घरचा सतरा शुद्ध राहिलेला नाही. त्यांच्याकडून पिल्लं नेलेल्या पाच जणांनी आपापल्या टाक्या मोकळ्या केल्या.

मास्तर त्यानंतर मंडळात आले नाहीत. रुसले. मीही गेलो नाही. भेसळ सांगणं हे माझं काम होतं, त्यात व्यक्तिगत काही नव्हतं.

पण आता अदलाबदल करायला दुसरं घर नाही.

८ फेब्रुवारी

जुने कागद चाळताना मास्तरांनी सुरुवातीला लिहून दिलेल्या सूचना सापडल्या. "दगड गच्चीवर उथळ पाण्यात उन्हात ठेवावेत. हिरवे झाले की टाकीत घालावेत. मासे त्यावरचं शेवाळ खरवडून खातात. कोरडं खाद्य कमीत कमी." मी हे कधी केलं नाही. डब्यातलं खाद्य मोजून घालता येतं, टाकी स्वच्छ राहते, मासे स्पष्ट दिसतात. मास्तरांच्या टाक्यांत काही दिसायचं नाही.

पण त्यांच्या माद्या अंडी गिळत नव्हत्या. दगड शोधून आणले. चौदा.

१ मार्च

दगड हिरवे झाले. टाकीत घातले. आठही मासे तुटून पडले. काचेला कान लावला तर खरखर ऐकू येते.

बायको म्हणाली, "कान लावून काय ऐकताय? काय म्हणताहेत?"

१८ एप्रिल

मोठ्या मादीने अंडी अकरा दिवस धरली. मग थुंकली, मेलेली होती. तरी अकरा दिवस. डब्यातलं खाद्य पूर्ण बंद केलं आहे.

६ मे

एक मादी मेलेली सापडली. नराने कोपऱ्यात धरली असावी. सात उरले. नेहमीप्रमाणे जबडा काढला, भिंगाखाली धरला.

बाहेरच्या रांगेतले दात बोथट. एका टोकाचे.

काहीतरी चुकतंय. ही मादी माझ्या टाकीत जन्मली, तिची आई माझ्या टाकीत जन्मली. या टाकीत बाहेरचा मासा नऊ वर्षांत गेलेला नाही. म्हणजे भेसळ नऊ वर्षांपूर्वीची, मास्तरांच्या शेवटच्या नरातून आलेली. तसंच असणार. म्हणजे त्यांनी माझंही घर बिघडवलं.

७ मे

रात्री नीट झोप लागली नाही. बायको म्हणते मी झोपेत दात खातो.

कालच्या मादीच्या आईचा जबडा माझ्याकडे जपलेला आहे, दोन वर्षांपूर्वीचा. पाहिला. स्वच्छ दोन टोकं.

९ मे

लॅबमध्ये एका म्हाताऱ्याचे साचे आले. वरचे-खालचे सगळे दात सपाट, जात्याच्या पाळीसारखे. डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं की पेशंट चाळीस वर्षं दगडाच्या खाणीत होता, तोंडात सतत भुकटी. पॉलिशवाला साचा हातात घेऊन म्हणाला, "या बाबाने आयुष्यभर दगड चावले काय?" मी म्हटलं, चावले नाहीत, झिजले. जन्मतः कोणाचे असे नसतात. मग त्याला झीज कशी ओळखायची ते समजावून सांगितलं: कड गोल होते, चकाकी येते, आतल्या रांगेचे दात तसेच राहतात. तो शिकतो आहे, लक्ष देऊन ऐकतो.

साचा चांगला उतरला.

१० मे

सकाळी सहाला उठून दोन्ही जबडे पुन्हा भिंगाखाली ठेवले. मास्तरांचा नऊ वर्षांपूर्वीचा नर, त्याचाही जबडा मी जपला होता, आणि सहा तारखेची माझी मादी. मेणावर शेजारी शेजारी बसवले.

कड गोल. चकाकी. आतल्या रांगेचे दात दोन्हींत तसेच आहेत, टोकांसकट.

झीज आहे. दगड खरवडून झालेली. तिच्या आईला दगड मिळाले नव्हते, म्हणून तिची टोकं शाबूत. मास्तरांच्या माशांना मिळत होते.

मी आतली रांग तेव्हा पाहिली नव्हती. बाहेरची इतकी स्वच्छ दिसत होती की गरज वाटली नाही.

लॅबला उशीर झाला.

१२ मे

विचार केला. मास्तरांचा सतरा शुद्ध होता. म्हणजे आहे. त्यांच्याकडे अजून तीस-चाळीस तरी असतील. एक नर मिळाला तरी वंश वाचेल. चूक कबूल करायला लागेल, करीन. एवढं काही नाही त्यात.

बायकोला सांगितलं की रविवारी मास्तरांकडे जातो, नर मागायला. ती भांडी पुसत होती. थांबली.

"जाऊन या," ती म्हणाली. "पण काही मागू नका."

मी म्हटलं, माझा मान कमी होईल याची काळजी करू नकोस.

"तुमच्या मानाचं कोण बोलतंय," ती म्हणाली आणि पुन्हा पुसायला लागली.

१५ मे

मास्तरांकडे जाऊन आलो.

जिना तोच. दार त्यांच्या बहिणीने उघडलं. लग्न केलं नाही त्यांनी, पहिल्यापासून भावाकडेच असतात. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. मास्तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो.

"ये रे कवळी," ते म्हणाले. "बरी आठवण झाली. तुझे कसे आहेत?"

"बरे आहेत."

मागची खोली उघडी होती. तिथे शिलाई मशीन आणि कपड्यांचं कपाट आहे. फरशीवर टाक्यांच्या लोखंडी स्टँडच्या पायांचे गंजके डाग, चार-चारच्या ओळीत.

"टाक्या कुठे हलवल्या?" मी विचारलं.

"हलवतोय कुठे. तू सांगितल्यावर ठेवून काय करायचं होतं? त्याच आठवड्यात आटोपलं. एक्केचाळीस होते. लवंगेच्या तेलाची बाटली तूच दिली होतीस ना सगळ्यांना, लॅबमधली. चांगलं काम करते. झोपल्यासारखे जातात."

मी म्हटलं, मला वाटलं तुम्ही रागावून यायचं बंद केलंत.

"रागावलो होतोच. स्वतःवर. तेरा वर्षं टाकीपुढे बसलो आणि भेसळ कधी शिरली ते मला दिसलं नाही. तुझ्या डोळ्याला एका जबड्यात दिसली." मग त्यांनी उशाखालून वही काढली. नऊ वर्षांत त्यांनी आपल्या सगळ्या जुन्या नोंदी पुन्हा वाचल्या आहेत. प्रत्येक टाकी, प्रत्येक पाणी बदललेला दिवस. "एकच जागा सापडते. मी आजारी होतो, हिने टाक्या धुतल्या. एकच जाळी सगळीकडे वापरली. एखादं पिल्लू जाळीला चिकटून इकडचं तिकडे गेलं असणार. तुला काय वाटतं?"

ताई चहा घेऊन आल्या होत्या. "घ्या," त्या म्हणाल्या. "भेसळवालीच्या हातचा चालेल ना?"

"बघ, अजून मान्य करत नाही," मास्तर म्हणाले.

"जाळी उकळून घेतली होती. नऊ वर्षं सांगतेय."

ताईंचा स्वभाव अजून तसाच थट्टेखोर आहे.

चहा घेतला. नर मागायचा प्रश्नच नव्हता. दुसरं जे सांगायचं होतं ते तिथे सांगून काय उपयोग झाला असता? एक्केचाळीस मासे परत येणार नव्हते, आणि माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. त्यांना झोप लागते आहे ती लागू द्यावी.

१६ मे

बायकोला म्हटलं, त्यांच्याकडे एकही मासा नाही.

"माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"ताई भेटतात बाजारात. तेव्हाच म्हणाल्या."

"नऊ वर्षांत बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? मास्तरांचं नाव काढलं की तुमची दातखीळ बसायची." मग म्हणाली, "सहा महिने ते बहिणीशी बोलले नव्हते. ताट वाढून ठेवायच्या आणि आत जायच्या. तेही माहीत नसेल तुम्हाला."

नव्हतं.

१९ मे

सात मासे. लॅबमध्ये दोन कवळ्या चुकल्या, चावा बसत नव्हता. पॉलिशवाला म्हणाला, "साहेब, आज तुमचा हात कुठे आहे?" पुन्हा केल्या.

ताईंची ती चहाची थट्टा नव्हती.

२२ मे

दोन्ही जबडे मेणासकट डबीत घेतले, भिंग घेतलं. बायको म्हणाली, "मी येऊ का?" नको म्हटलं.

मास्तरांच्या समोर टेबलावर ठेवून सांगितलं, पाहा. त्यांनी चष्मा काढला, भिंग डोळ्याशी नेलं. बराच वेळ पाहिलं.

"दोन्ही सारखेच."

"हो."

"डावा माझा आहे. हा खालचा ओरखडा मला आठवतो. उजवा कोणाचा?"

"माझ्या टाकीतला. याच महिन्यातला." मग सांगितलं, मार्चपासून मी टाकीत दगड घातले.

पुढचं सांगावं लागलं नाही. शाळेतही उत्तर पूर्ण व्हायच्या आत त्यांना कळायचं.

भिंग त्यांनी खाली ठेवलं. काचेची बाजू वर करून ठेवलं, तसं ठेवायचं असतं.

"घासून," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे सतराच होते ते."

"हो."

"सगळे."

"हो."

"तुझा धंदा काय रे?"

मी म्हटलं, दातांचा.

खिडकीखालून कोणीतरी सायकल ढकलत गेलं. मला वाटलं, ते आता जा म्हणतील. मी उठलोही. त्यांनी आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "ए, इकडे ये जरा."

ताई आल्या. हात ओले होते.

"जाळीनं काही झालं नव्हतं," मास्तर म्हणाले.

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, टेबलावरच्या डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काही बोलणार होतो.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या. नळ पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला.

मास्तर म्हणाले, "किती उरलेत?"

"सात. दोन नर. एक वाकडा."

"सगळे इकडे आण."

मी म्हटलं, टाकी नाही इथे.

"आधी टाकी आण. मग मासे."

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने विचारलं, "मग देणार?" मी म्हटलं, बावीस वर्षं माझ्याकडे आहेत. ती म्हणाली, "ते विचारलं नाही मी."

२९ मे

मंडळाची बैठक. शेवटी उभं राहून सांगितलं. दोन मिनिटं लागली. घरून तयार करून नेलेलं पुष्कळ होतं, ते बोललो नाही.

मग मागून एक जण म्हणाला, "आमचे चौदा गेले हो, कवळीवाले." दुसरा म्हणाला, त्याने मारले नव्हते, दुकानदाराला मिश्र म्हणून देऊन टाकले होते. सगळे त्याच्याकडे वळले. "माझ्याकडे काय बघता? नऊ वर्षं झाली. त्या दुकानात आता मोबाईल मिळतात."

चिटणीस इतिवृत्त लिहीत होते. त्यांनी पेन थांबवलं. "कसं लिहू? 'ओळखण्यात चूक झाली' लिहू की 'निर्णय मागे घेतला' लिहू? मागे घेतला जरा बरं दिसतं."

मी म्हटलं, चूक झाली लिहा.

ओळखण्याचं काम दुसऱ्या कोणाकडे तरी द्या असंही म्हटलं. कोणी तयार झालं नाही. पुढच्या बैठकीत पाहू, असं ठरलं.

५ जून

मासे मास्तरांकडे नेले. टाकी गेल्या आठवड्यातच बसवली, जुन्या डागांवरच स्टँड बसला. शिलाई मशीन पुढच्या खोलीत आलं. ताई म्हणाल्या, "चला, माझी बदली झाली."

एकेक मासा वेगळ्या पिशवीत नेला होता. मास्तर खुर्चीत बसून प्रत्येक पिशवी उजेडाकडे धरत होते. वाकडा नर त्यांनी वेगळा ठेवायला लावला. एका मादीपाशी थांबले, मग तीही टाकीत सोडायला लावली, म्हणाले म्हातारी आहे, पण बाकीच्यांना तिची सवय असेल, राहू दे. मी पुष्कळ सूचना लिहून नेल्या होत्या. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. वाचला नाही.

घरी खोलीतला पंप बंद केला. इतका आवाज होता ते कळलं नव्हतं.

२७ जून

बायको विचारते खोलीचं काय करायचं. म्हटलं, बघू.

मास्तरांकडून काही निरोप नाही. मी जाऊन विचारावं असं वाटत नाही.

२४ जुलै

ताईंचा फोन, बायकोला. मोठ्या मादीने एकवीस दिवस धरून पिल्लं सोडली. एकवीस दिवस, एकवीस पिल्लं. बायकोने हिशेब दोनदा सांगितला, तिला गंमत वाटली. मी मास्तर काय म्हणाले ते विचारलं. "काही नाही, म्हणे टाकीपुढून उठत नाहीत. जेवण तिथेच."

३० ऑगस्ट

आज मास्तरांचा स्वतःचा फोन. "एकवीसमधल्या तिघांच्या शेपटीत मला फरक वाटतो. वाकडे असतील तर आत्ताच बाद करायला हवेत, मोठे झाले की मिसळतील. तू सांगशील तसं करतो."

मी म्हटलं, मला काही विचारू नका.

"मग कोणाला विचारू?"

"मी येईपर्यंत काही करू नका," म्हटलं आणि निघालो.

पिल्लं नखाएवढी झाली आहेत. सगळी मातकट. तिघं वेगळी काढली नव्हती, मीच ओळखावीत म्हणून. खुर्ची काचेजवळ ओढून बसलो. अर्धा तास पाहिलं. एक वळताना वाकतं आणि थांबलं की सरळ होतं, त्याचं काही नाही. दुसऱ्याच्या शेपटीचा पर कुरतडलेला आहे, म्हणून तिरकं दिसतं. तिसरं बराच वेळ दगडाच्या कडेलाच होतं. ते उजेडात आलं तेव्हा शेपटीच्या मुळाशी वाक दिसला. बारीक, पण दिसला. मग ते वळलं आणि दिसेनासा झाला.

ताई मागे उभ्या होत्या. मास्तर पलीकडे, काठीवर दोन्ही हात ठेवून.

"हे," मी म्हटलं. "दगडाजवळचं."

"नक्की?"

मी पुन्हा पाहिलं. त्याच्या वडिलांचा कणा सरळ आहे. वाढीत असं दिसू शकतं. दिसतं तसं नसेलही.

"नक्की नाही," मी म्हटलं.

"मग राहू दे," मास्तर म्हणाले.

तिन्ही पिल्लं तशीच टाकीत आहेत. आणखी दोन आठवड्यांनी पुन्हा पाहायची. साडेसातच्या बसने घरी आलो.